अभिभाषण वाचून राज्यपाल बाहेर जातात

महाराष्ट्र दिनाला आमच्या वसाहतीत अभिरूप विधानसभा भरवायची, ही कल्पना सी विंगमधल्या काकांची. काकांची सगळी नोकरी विधिमंडळाच्या कचेरीत गेली. निवृत्तीनंतर पनवेलजवळ सुकापूरला फ्लॅट घेतल्यापासून झेंडावंदन आणि वडापाव यांच्या पलीकडे काहीतरी व्हावं, असं ते दर वर्षी म्हणत. महिला मंडळाने या वेळी ते उचलून धरलं. मी मंडळाची कार्यवाह, त्यामुळे माइक, खुर्च्या, टेबलांवर घालायचं हिरवं कापड, मंत्र्यांच्या पाट्या आणि चहा हे सगळं माझ्याकडे आलं. मी त्याच संध्याकाळी यादी करून भिंतीवर लावली.

मुख्यमंत्री कोण होणार, हा प्रश्न मी यादीत लिहिला नव्हता. तो मला प्रश्न वाटतच नव्हता. मंडळाच्या अध्यक्षकाकू मे महिन्यात कायमच्या लेकीकडे नाशिकला निघाल्या होत्या आणि महाराष्ट्र दिनानंतरच्या रविवारी नवी अध्यक्ष निवडायची होती. मी सहा वर्षं कार्यवाह होते. मंडळाची एकही नोटीस, एकही अर्ज माझ्या हाताशिवाय निघालेला नाही. त्या दिवशी सगळ्या वसाहतीसमोर जी मुख्यमंत्री म्हणून उभी राहील, तीच रविवारी अध्यक्ष होईल, हे कोणी बोललं नाही तरी सगळ्यांना कळत होतं. मला ते अध्यक्षपद हवं होतं.

अध्यक्षकाकूंच्या हॉलमध्ये बैठक भरली. मी वही उघडायच्या आत मागून कोणीतरी म्हणालं, "मुख्यमंत्री वहिनी." आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

वहिनी ए विंगमधल्या. त्यांच्याहून मोठ्या बायकाही त्यांना वहिनीच म्हणतात. सासर इथल्या मूळ गावातलं. आमच्या इमारती उभ्या आहेत ती जमीन एके काळी त्यांच्या भाऊबंदांची होती. माहेर उरणकडचं. त्यांचे तीन फ्लॅट आहेत, खाली मोठी गाडी आहे, आणि बोलणं मात्र असं की वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांच्याजवळ थांबतात. माणूस मिजासखोर असला की त्याचा राग करणं सोपं जातं. वहिनींनी ती सोयही ठेवलेली नाही.

"मी कसली मुख्यमंत्री? मला भाषन येत नाय," वहिनी म्हणाल्या. "मी मासळीवालीशी भांडते, तवढंच माझं बोलनं."

"सभागृहात तेच लागतं," काका म्हणाले, आणि हॉल हसला.

मग वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "ताईंना राज्यपाल करा. आवाज छान हाय त्यांचा. आनि त्यांची ती जांभळी कांजीवरम कधी बघायला मिळनार?"

"उत्तम," काका म्हणाले. "राज्यातलं पहिलं पद. मुख्यमंत्र्यांना शपथ राज्यपाल देतात. सरकारचा एकूण एक आदेश राज्यपालांच्या नावाने निघतो."

ते ऐकून मी जरा सावरले. नाही म्हणायला काही कारण उरलं नव्हतं, आणि वर असणं म्हणजे वरच असणं, असं तेव्हा वाटलं. दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले. राज्यपालांना काय काय करायचं असतं त्याची यादी मला करायची होती. काका खूश झाले.

"मुख्यमंत्र्याची नेमणूक," त्यांनी सुरुवात केली.

"कोणाचीही?"

"ज्याच्यामागे बहुमत आहे त्याची. मग, अधिवेशन बोलावणं."

"पाहिजे तेव्हा?"

"मंत्रिमंडळ सांगेल तेव्हा. मग, विधेयकांना संमती."

"आणि नाही दिली तर?"

"पुनर्विचाराला परत पाठवता येतं. सभागृहाने तेच पुन्हा मंजूर केलं की द्यावी लागते. काही विधेयकं राष्ट्रपतींकडे पाठवता येतात, पण ती गोष्ट वेगळी."

"काका, स्वतःच्या मनाने काय करतात ते सांगा ना."

काकांनी चष्मा काढून पुसला. "कोणालाच बहुमत नसलं, सरकार कोसळलं, राज्य घटनेप्रमाणे चालेनासं झालं, तर त्यांच्या निर्णयाला वजन येतं. एरवी सल्ल्याने चालायचं. चांगला राज्यपाल म्हणजे संयम."

मी 'संयम' लिहून घेतलं. पुढे खूण करायला चौकोन काढला.

राज्यपालांचं त्या दिवसाचं मोठं काम म्हणजे अभिभाषण. पण ते राज्यपाल लिहीत नाहीत, सरकार लिहितं. मुख्यमंत्री आणि मंत्री दोन दुपारी वहिनींच्या घरी जमल्या. माझी खिडकी समोरच्या इमारतीत, त्यांच्या बैठकीच्या खोलीसमोर. कोलंबीच्या खिचडीचा वास आणि हसण्याचे आवाज सरळ माझ्या स्वयंपाकघरात येत होते. वसाहतीचे सगळे विषय मला पाठ आहेत. लिफ्टचा करार, कचऱ्याची गाडी, कुत्री, पाणी. त्यांच्यात एकीलाही लिफ्टच्या कंपनीचं बिल कुठे ठेवलंय ते माहीत नव्हतं. मी काकांना फोन करून म्हटलं, मदतीला जाऊ का?

"राज्यपालांनी मसुद्यात पडायचं नसतं," काका म्हणाले.

छापलेली प्रत आदल्या दिवशी हातात आली. प्रत्येक परिच्छेद 'माझ्या शासनाने' या शब्दांनी सुरू होत होता. सातवा परिच्छेद असा होता: माझ्या शासनाच्या मुख्यमंत्र्यांनी अथक पाठपुरावा करून वसाहतीसाठी पाण्याची दुसरी जोडणी मिळवली. त्याबद्दल मी त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करते.

त्यातली 'मी' म्हणजे मी.

ती जोडणी खरी होती, नाटकातली नव्हती. तिचे सगळे अर्ज माझे. नकाशा मी काढून आणला, सह्या मी गोळा केल्या, रिक्षाने पाण्याच्या कार्यालयात मी जात होते. शेवटी फाइल एका टेबलावर अडून बसली, तेव्हा वहिनी एकदाच माझ्याबरोबर आल्या, त्यांची गाडी त्या बाजूला जाणार होती म्हणून. आत गेल्यावर त्यांनी साहेबांना विचारलं, "तुमी आमच्या गावच्या जत्रेला आल्ता ना?" साहेब आले होते. मग जत्रा, मग जवळ्याच्या वड्या, मग कोणाचा तरी साखरपुडा. मी फाइल मांडीवर धरून बसले होते. निघताना साहेबांनी स्वतः शिपायाला हाक मारून ती फाइल मागवली. तेव्हापासून वसाहतीत पाणी वहिनींनी आणलं असं म्हणतात.

"नाटक आहे गं," नवरा म्हणाला. "त्यात तुझं नाव तरी कुठे आहे? नुसतं राज्यपाल लिहिलंय."

"तेच म्हणतेय मी. नाव कुठेच नाही."

मी प्रत घेऊन ए विंगला गेले. वहिनींनी दार उघडलं, हाताला तांदळाचं पीठ.

"काय झालं ताई? कठीन लिवलंय का?"

आतून भाकरीचा वास येत होता, सासूबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या आणि वहिनींच्या चेहऱ्यावर खोटं असं काहीच नव्हतं. सातव्या परिच्छेदाबद्दल बोलायचं म्हणजे मला हेवा वाटतो हे दारात उभं राहून सांगायचं.

"नाही. सगळी पानं आली का ते पाहायला आले," मी म्हटलं.

महाराष्ट्र दिनाला वसाहतीचा हॉल भरला. पुढे काका, मागे जांभळ्या कांजीवरममध्ये मी, आणि सगळे उठून उभे राहिले. राष्ट्रगीत झालं. वहिनी पहिल्या रांगेत सरळ उभ्या होत्या. ते सगळं मला आवडलं, खोटं का बोला. मी वाचायला लागले. माझ्या शासनाने लिफ्टचा करार केला. माझ्या शासनाने कचरा वेगळा केला. सहावा परिच्छेद संपला, मी पान धरून श्वास घेतला आणि आठवा सुरू केला.

कोणाच्या लक्षात आलं नाही. फक्त वहिनींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या प्रतीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं.

वाचून झालं, पुन्हा राष्ट्रगीत झालं आणि काकांनी मला हाताने दाराकडे चला म्हटलं.

"कुठे?" मी हळूच विचारलं.

"बाहेर. अभिभाषण वाचून राज्यपाल बाहेर जातात. चर्चेला थांबत नाहीत."

हे मी यादीत लिहिलेलंच नव्हतं. मला वाटलं होतं, उंच खुर्चीवर शेवटपर्यंत बसून राहायचं असेल. काकांनी मला मागच्या दारापर्यंत पोचवलं आणि ते विधानसभेच्या अध्यक्षांच्या खुर्चीत बसायला परत गेले. मागचं दार हॉलच्या मोरीवजा स्वयंपाकघरात उघडतं. तिथे चहाचे थर्मास, कपांच्या थप्प्या आणि मी. दार अर्धवट लोटून मी ऐकत उभी राहिले.

आभाराचा प्रस्ताव मांडला गेला. लगेच विरोधी पक्षनेत्या उठल्या, डी विंगमधल्या, पनवेलच्या एका शाळेत शिकवतात.

"अध्यक्ष महोदय, राज्यपालांनी सातवा परिच्छेद गाळला. मुख्यमंत्र्यांच्या त्या दाव्यावर राज्यपालांचा विश्वास नाही, असं सभागृहाने समजायचं का?"

बाकं वाजली. मला इतका आनंद झाला की मी कपांची थप्पी धरून ठेवली. माझ्या तोंडून जे निघालं नव्हतं ते दुसऱ्या बाईने माइकवर विचारलं होतं.

काकांचा आवाज आला. "राज्यपालांच्या वर्तनाची चर्चा या सभागृहात होणार नाही. आणि पटलावर ठेवलेली प्रत पूर्ण आहे. जे वाचायचं राहिलं, ते वाचलं असं धरण्यात येत आहे."

झालं. मला कोणी दोष दिला नाही आणि मी जे केलं ते झालंच नाही. माझ्या आवाजात, सगळ्या वसाहतीसमोर, मी वहिनींचं मनःपूर्वक अभिनंदन केलेलं होतं.

तेवढ्यात वहिनी बोलायला उठल्या.

"अध्यक्षमहाराज, सरकारकडनं चूक झालेली हाय. पान्याचे अर्ज आमच्या राज्यपालांनी सवता केले. नकाशा त्यांनी आनला. सरकारने एकदा गाडी नेली, बाकी काय नाय. त्यो परिच्छेद आमी मागे घेतो."

"पटलावरचा कागद असा मागे घेता येत नाही," काका म्हणाले.

"मग दुरुस्ती घ्या. नायतर मी राजीनामा देऊन घरी जाते, आमच्याकडं आज सोडे-भात हाय."

हॉल दणाणला. हसणं, बाकं, शिट्टी, आणि मग टाळ्या, खूप वेळ. टाळ्या माझ्या कामाच्या होत्या आणि पडल्या वहिनींना. मला मिळालं ते खरं श्रेय, तेही त्यांनी वाटलेलं. वहिनींनी परिच्छेद तसाच ठेवला असता तर माझं रागावणं बरोबर ठरलं असतं. आता माझ्याकडे तेवढंही नव्हतं. मी चहा ओतायला घेतला.

रविवारच्या बैठकीत अध्यक्षकाकूंनी नावं विचारली. सगळ्या वहिनींकडे पाहायला लागल्या. वहिनी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अध्यक्ष ताईंना करा. मी कार्याध्यक्ष होते. पळापळ, कचेऱ्या, अर्जबिर्ज माझ्याकडं. ताईंनी लय केलं, आता तरी त्यांना बसू द्या."

सगळ्यांनी माना हलवल्या. हे ठरल्यासारखंच झालं. सहा वर्षं हवा असलेला शब्द समोर ताटात वाढून आला होता. अध्यक्ष. लेटरहेडवर पहिलं नाव, हळदीकुंकवाला मधली खुर्ची, सगळं माझ्या नावाने. आणि अर्ज वहिनी लिहिणार. फाइली त्यांच्या कपाटात जाणार. साहेबांसमोर त्या बसणार आणि मी वसाहतीत, छान साडी नेसून.

"अध्यक्ष वहिनींनाच करा," मी म्हटलं. "मला कार्यवाह राहू द्या. कार्याध्यक्षाची गरज नाही."

मग टाळ्या झाल्या. या खेपेला त्या मलाच पडल्या. अध्यक्षकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. "मनाचा मोठेपणा बघा," त्या शेजारणीला म्हणाल्या. मी मान खाली घालून बैठकीचा वृत्तांत लिहीत राहिले. मोठेपणाचा काही संबंध नव्हता. माझा अर्ज दुसऱ्या कोणाच्या अक्षरात बघणं मला सोसलं नसतं, एवढंच.

जिन्यात वहिनी मागून आल्या आणि माझ्या बरोबरीने उतरायला लागल्या.

"ताई, मोठेपना नाय तो," त्या हळू म्हणाल्या. "तुमाला मी तुमच्या कामात नको."

"आणि तुम्हाला मी खुर्चीवर बसलेली हवी होते."

"हो," वहिनी हसल्या. "वर बसवला की मानूस गप राहतो. मी काय कमी जळते का तुमच्यावर? काकांच्या तोंडी सारखं तेच. ताईंचं काम बघा, ताईंचा कागद बघा. माझं अक्षर बघून माझा पोरगा हसतो."

हे मला ठाऊक नव्हतं. खालच्या पायरीवर आम्ही थांबलो. पाण्याच्या कार्यालयाला द्यायचं दाब कमी असल्याचं पत्र माझ्या पिशवीत तयार होतं, अध्यक्षांच्या सहीसाठी जागा सोडून. मी ते काढून दिलं.

"आधी वाचा," मी म्हटलं.

"तुमी लिवलंय ना?"

कागद जिन्याच्या कठड्यावर टेकवून वहिनींनी सही केली. उजवीकडे चढत गेलेली, मोठी, मोकळी सही. माझी सही इतकी वर्षं त्या जागेच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, छोटी होत आली आहे. मी पत्र घडी न घालता पिशवीत ठेवलं आणि दोन्ही सह्या एका कागदावर कशा दिसतील ते घरी पोचेपर्यंत डोळ्यांसमोरून जाईना.