मोटारीत न बसता चाळीस किलोमीटर

मंडळी, मास्क मोटारीत विसरून दुकानाच्या दारातून परत फिरणारी माणसं तुम्ही, पाडव्याला मी ग्रुपवर केलेली सायकलवारीची घोषणा कुठली आठवणार! मी बोलतेय, नात ईशा टाईप करतेय.

विमानं बंद, म्हणून वर्षभर मी इथे ऑस्ट्रेलियात, डार्विनला लेकाकडे अडकलेय. ईशाने जुनी तीनचाकी सायकल आणून दिली, तेव्हा कुठे जीव रमला. लेकाला ती डोळ्यांसमोर नको. म्हणाला, "आई, समुद्राकाठाने शहरापर्यंत जाऊन ये, येऊन-जाऊन चाळीस किलोमीटर. मध्ये मोटारीत बसलीस, तर सायकल विकणार."

आज गेले. नऊवारीचा कासोटा घट्ट मारला. सोबत तिच्या सायकलवर आलेल्या ईशाची ट्रॅकपँट साखळीत दोनदा अडकली, माझं लुगडं एकदाही नाही.

लेक प्रत्येक पार्किंगमध्ये एसी लावून, दार उघडून हजर. परतीच्या चढावर वारं समोरून आलं आणि माझे गुडघे बोलायला लागले.

"बस ना आई, कोणाला सांगणार नाही."

"मी सांगेन की सगळ्यांना," म्हटलं. खाली उतरले आणि सायकल ढकलत वर नेली. चालायचं नाही, असं कुठे ठरलं होतं?

"आजी, यू लेजंड!" ईशा ओरडली.

दुपारी तीनला घरी पोचलो. लेक पंप आणून माझ्या तिन्ही चाकांत हवा भरत बसला.

आणि सकाळी आपल्या डार्विनच्या मराठी ग्रुपवर कोण विचारत होतं, आजींना संध्याकाळी पेज पाठवू का म्हणून? मी आजारी आहे का गं? ज्वारीची भाकरी आणि लसणाचा ठेचा पाठव. लेकासाठी पेज चालेल, दिवसभर बसून दमलाय तो.