एकच मूठ चणे

जेवण उरकून मी स्वयंपाकघरातच चटईवर आडवी होते. डोक्याशी पातेल्यात काबुली चणे भिजतायत. तारकर्लीच्या हॉटेलवाल्याला हमस द्यायचं आहे. चणे एकेक सोलायचे, शिजवायचे आणि तीळ-लसूण घालून लोण्यासारखे वाटायचे. माझ्या नवऱ्याची ही विद्या. आखातात नोकरीला असताना दोह्याच्या मेसमध्ये शिकले, इथे येऊन धंदा मांडला आणि गेल्या वर्षी तो माझ्या गळ्यात घालून देवाघरी गेले.

लेक शर्वाणी मला पुण्याला कायमची राहायला बोलावते. दर वेळी मी सांगते, चणे भिजत घातलेत. 'आई, तुझं हे भिजत घोंगडं,' ती म्हणते. आज संध्याकाळी तिला काय ते शेवटचं सांगायचंय.

डोळा लागतो की नाही, कोण जाणे. हे समोर बनियनवर मांडी घालून बसलेत आणि चणे सोलतायत.

"खंय चाललंस?" विचारतात. मी तर अजून उठलेही नाही.

"शर्वाणीकडे. पुण्याक."

"इतके सोल, मगे जा." माझ्यापुढे एक मूठ ठेवतात.

मूठ संपते, ते दुसरी ठेवतात. आता ही दोह्याची मेस आहे. लांबच लांब टेबलं, माणूस एकही नाही, आणि मोरीत मात्र आमचाच तांब्या. चणे फुगत माझ्या मांड्यांवर चढलेत. उठता येत नाही. दाराकडे बघते तर तिथे आमची डब्यांची फळी. मला रडू येतं, रागाचं.

"एखादी साल रवली तर काय होता?"

"काय होणा नाय. सालीसकट वाटलंस तरी चलता."

"मगे माका रोज दुपारी सोलूक कित्याक बसवलात?"

ते हातातल्या चण्याकडे बघतात. "थंय इतकी वर्सां एकटोच सोलत होतंय. तू बाजूक बसलंस की बरा वाटायचा."

त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटतं, आणि पळूनही जावंसं वाटतं. दोन्ही जमत नाही. ते पुन्हा मूठ पुढे करतात. "एकच. मगे जा."

फोन वाजतो.

पातेल्यावरचं झाकण तसंच आहे, मी हातही लावलेला नाही. पण अंगठ्याच्या नखात चण्याची साल अडकलीय, ओली.

"आई, आजपण चणे भिजत घातलेयस ना?" शर्वाणीच्या आवाजात आशा नाहीच.

"घातलंय," मी म्हणते. "पण आता सोलूचे नाय. हॉटेलवाल्याक इतके दितंय, आणि येतंय."