वारुळावरची फरशी

वाळवंटातले सरपटणारे प्राणी बदलत्या हवामानाला कसं तोंड देतील, यावर मी आमच्या लातूरच्या कॉलेजात भाषण दिलं. तेव्हा हॉलमधला एसी इतका गार होता, की पाहुण्यांनी सत्काराची शाल अंगावरून काढलीच नाही. बाहेर वैशाख पेटला होता. मी सांगत होतो, या प्राण्यांना घाम येत नाही. गारठलं की उन्हात यायचं, तापलं की सावलीत पळायचं, एवढ्यावर त्यांचा संसार चालतो. ऊन फार वाढलं की ते बिळात दडून बसतात आणि बसून राहिलं की पोट भरत नाही. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी 'आपल्याकडे वाळवंट नाही हे आपलं भाग्य' असं म्हणून चहापान जाहीर केलं.

आमचं शेत मुखेडजवळ आहे. तिथे वाळवंट नाही, पण माझा थोरला भाऊ आहे. दादाला रानात सोयाबीनशिवाय काहीही उभं असलेलं खपत नाही. शेताच्या कडेचा धुरा, म्हणजे दगडगोटे, बोरी आणि गवत यांचा तो उंचवटा, त्याच्या डोळ्यांत कायम सलायचा. त्या धुऱ्यावर एक मोठं वारूळ होतं. गेल्या भादव्यात एका घोरपडीला ते उकरून आत अंडी घालताना आणि मग माती लोटून तोंड बुजवताना मी स्वतः पाहिलं. पिल्लं बाहेर पडायची ती थेट उन्हाळ्याच्या शेवटाला. तेव्हापासून घरात कुणी बाळंत व्हायचं असावं, तशी मी प्रत्येक फोनवर चौकशी करायचो.

सोयाबीन निघाल्यावर दादाने धुरा सपाट करायला जेसीबी ठरवला. मी त्याला घोरपड शेतातले उंदीर खाते इथपासून पृथ्वी तापतेय इथपर्यंत सगळं ऐकवलं.

"घोरपडीच्या नावावर सातबारा हाय का?" दादा म्हणाला.

तेवढ्यात वहिनी चुलीपुढून उठून आल्या. "नागपंचमीला दूध-लाह्या घेऊन मी तिथंच जाते. वारुळाला हात लावायचा न्हाई."

आम्ही महादेवाची माणसं. नाग देवाच्या गळ्यातला. जेसीबीने सगळा धुरा खाल्ला, बोरी उपटल्या आणि वारूळ तेवढं सोडलं. मला इतका आनंद झाला, की विज्ञानाला जमलं नाही ते श्रद्धेने केलं, असं मी स्टाफरूममध्ये आठवडाभर सांगत सुटलो. श्रद्धेचं काम अजून संपलेलं नव्हतं, हे मला कुठे माहीत!

देवाच्या घरावर जेसीबी घालायला निघालो होतो, याची दादाला मागाहून भीती वाटू लागली. आमच्याकडे माणूस देवाला घाबरला, की पहिल्यांदा सिमेंट मागवतो. त्या भाषणानंतरच्या रविवारी दादाचा फोन आला, "लई भारी काम केलंय, येऊन बघ." मी गाडी घेऊन गेलो आणि भर दुपारी थेट रानात उतरलो.

वारुळाभोवती ओटा होता आणि ओट्यावर काळीभोर चकचकीत फरशी. पावसाने ढासळू नये म्हणून वारुळाला वरपासून खालपर्यंत प्लास्टर केलं होतं आणि माथ्यावर पाच फण्यांचा नाग बसवला होता. चपला काढून दर्शन घ्यायची रीत, त्यामुळे दादाने प्रदक्षिणा घातली ती उड्या मारतच. मला हसू आलं आणि त्याच क्षणी आतली अंडी आठवली.

"दादा, आत अंडी होती. पिल्लं निघायचे दिवस आलेत. हे फोड."

"येड लागलं का? देव फोडत्यात का?"

मी ओरडलो, तोही ओरडला. मी त्याला अडाणी म्हणालो, त्याने मला नास्तिक म्हटलं. वहिनी मागून आल्या होत्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, "भावजी, आत जीव हाय का?"

"आसंल, वहिनी."

त्यांनी पदर खोचला, फरशीला हात लावून नमस्कार केला आणि ओट्याच्या कामावरून तिथेच राहिलेली पहार उचलून प्लास्टरवर घातली. दादाने डोळे मिटून घेतले. सिमेंट फुटलं, माती ढासळली. आधी वाळून आक्रसलेली अंडी निघाली, एकामागून एक. वहिनी खालीच बसल्या. मला फार वाईट वाटलं आणि दादाचा भयंकर राग आला. मग फुटल्या मातीतून वीतभर लांबीचं, अंगभर पिवळे ठिपके असलेलं एक पिल्लू बाहेर आलं.

फरशीवर पाय पडताच ते सुसाट पळालं. पूर्वी धुरा होता तिकडे गेलं, काही सापडेना म्हणून वळलं, नांगरलेल्या ढेकळांतून दुसरीकडे धावलं, तोंड उघडून थांबलं, पुन्हा वळलं. ऊन डोक्यावर होतं, ओट्यालाही सावली नव्हती. शेवटी ते माझ्या गाडीखाली शिरलं आणि चाकाला चिकटून बसलं.

"जगलं बघ," दादाचा चेहरा खुलला. "देवानं वाचीवलं."

मी वाकून गाडीखाली पाहिलं. तो म्हणाला, "चल, जेवायला. गाडी काढ."

मी चारी बाजूंना पाहिलं. सपाट, स्वच्छ, दादाच्या मनासारखं रान. गाडीची चावी माझ्या हातात होती आणि ती सावली सोडली, तर त्या पिल्लाला द्यायला आम्हा दोघा भावांच्या रानात दुसरी नव्हती.