माधवची बादली

माधव गेल्याचा फोन आला तेव्हा मी हजरतगंजात चष्म्याच्या दुकानात उभा होतो. शैलावहिनी स्वतःच बोलत होत्या. "भावजी, हे गेले... सकाळी चहा घेता घेता." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अरे यार, मग आता गाडी कोण चालवणार?" पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला. मग "बरं, ठेवते" म्हणाल्या. महिना उलटला, पण ते वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.

गाडी म्हणजे आमची कॅरॅव्हॅन. माधव आणि मी दोघेही रेल्वेतले, नोकरीमुळे लखनौला आलो आणि इथलेच झालो. निवृत्तीनंतर त्याने एक जुनी मिनीबस घेतली, स्वतःच्या हाताने आत बर्थ ठोकले, शेगडी बसवली, पाण्याची टाकी चढवली. कॉलनीत जागा नव्हती म्हणून ती मलिहाबादला ओळखीच्या बागेत आंब्यांखाली उभी असायची. बागवाला विचारायचा, "साहब, इसमें आम ढोएँगे?" माधव म्हणायचा, "नहीं भैया, समंदर देखने जाएँगे." लखनौहून! पण गेल्या हिवाळ्यात तो, वहिनी आणि एकटा जीव असलेला मी, असे तिघं खरोखर गेलो. देवगडच्याही खाली, डांबर संपतं तिथे. सगळा रस्ता त्यानेच गाडी चालवली. मला साधी स्कूटरसुद्धा धड जमत नाही. यंदाही जायचं ठरलं होतं.

ओहोटी लागली की तो आम्हाला खडकांवर न्यायचा. हातात रंगाची रिकामी बादली, तळ कापून तिथे पारदर्शक ॲक्रिलिक चिकटवलेलं. ती डबक्याच्या पाण्यावर टेकवून आत तोंड घातलं की वरची चमक जाते आणि तळ लख्ख दिसतो. पहिल्यांदा मी डोकावलो आणि ओरडलो, "काय रे, नुसते दगडच आहेत की!" "वश्या, गधड्या, तुझी सावली पडली म्हणून मिटलीत सगळी," माधव म्हणाला. "आधी गप्प बस. हलू नकोस." गप्प बसणं म्हणजे मला शिक्षाच! पण बसलो... आणि तपकिरी गोळा वाटत होता त्याच्या हळूहळू पाकळ्या झाल्या. समुद्रफूल! एका शंखाला पाय फुटले आणि तो चालू लागला. कपारीतून एक तारामासा सरकत होता, सरकतोय हे कळूही नये इतका सावकाश. "अरे बापरे, वहिनी, लवकर या!" म्हणत मी ताडकन उठलो, बादली कलंडली, सगळं पुन्हा मिटलं. माधवने कपाळावर हात मारला. "ह्याला पाण्यात सोडलं तर मासे गाव सोडून जातील," तो म्हणाला, आणि वहिनी हसून हसून खडकावरच बसल्या.

त्या बाईला मी असं बोललो. मित्र गेला आणि ह्याला ड्रायव्हरची पडलीय! स्मशानात मी मागे मागे राहिलो, तेराव्याला पानावरून अर्धवट उठलो. इथल्या मराठी मंडळातले लोक म्हणाले, "त्यांच्यावर चार ओळी तुम्हीच लिहा, तुम्ही सगळ्यात जवळचे." मला मान वर करवेना.

गेल्या आठवड्यात अखेर गोमती नगरला गेलो. ई-रिक्शात बसून माफीची वाक्यं घोकत होतो. वहिनी बाल्कनीत बसल्या होत्या. त्यांच्या मागे खिळ्याला बादली लटकत होती. मी तोंड उघडलं, बादलीकडे नजर गेली, आणि मिटलं. बसून राहिलो. वहिनींनी चहा आणला, त्यावर साय धरली, तरी मी बोललो नाही. खाली भाजीवाला ओरडून गेला.

बऱ्याच वेळाने त्याच बोलायला लागल्या. "त्या दिवशी चहा अर्धा झाला होता. हसत होते. म्हणाले, यंदा वश्याच्या तोंडाला चिकटपट्टी लावून नेऊ..." त्यांनी पदराने नाक पुसलं. "आणि लगेच तुमचा तो प्रश्न. फार लागला मला, भावजी. खोटं कशाला बोलू?"

मी साय धरलेला गार चहा एका घोटात संपवला.

"मग विचार केला, खरंच कोण चालवणार? मी ड्रायव्हिंगचा क्लास लावलाय. मास्टरजी म्हणतात, 'माताजी, ब्रेक बहुत दबाती हैं आप.'" त्यांनी खिळ्यावरची बादली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "ही तुम्ही सांभाळा."

मी बादलीत तोंड घातलं. खाली नुसते माझ्याच पायजम्याचे पट्टे दिसत होते, आणि कडेला वाळलेलं मीठ. पण मी बराच वेळ तोंड बाहेर काढलं नाही. वहिनींनीही काढा म्हटलं नाही.