फावड्यावरचं नाव

या हिवाळ्यात रिसॉर्टमध्ये नाही, उघड्या डोंगरावर स्कीइंग करणार, असं माझ्या लेकीनं फोनवर सांगितलं. तिथे लिफ्ट नाही, देखरेख करणारं कुणी नाही, आणि उतार असा की नुसतं उभं राहायचीच मारामार. "सुखाचा जीव दुःखात घालायची एवढी हौस का गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "आई, रिलॅक्स. मी कोर्स केलाय." मला कुणी रिलॅक्स म्हटलं आणि मी रिलॅक्स झाले, असं उभ्या आयुष्यात घडलेलं नाही.

मी भूलतज्ज्ञ. निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांचे श्वास सांभाळले. हवा थांबली की ओठांचा रंग कसा बदलतो आणि त्यानंतर हातात किती थोडा वेळ उरतो, हे मला पाठ आहे. त्यामुळे बर्फाचा थर सुटून माणूस त्याखाली गाडला जातो म्हणजे काय, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. माझी झोपच उडाली. पण मी नाही म्हटलं असतं तरी ती गेलीच असती, फक्त मला सांगितलं नसतं. म्हणून कॅरी गावातलं आमचं घर ह्यांच्यावर सोपवून मी विमानानं तिच्याकडे सॉल्ट लेक सिटीला गेले. जायचंच असेल तर सामान मी निवडणार, ही माझी अट.

दुकानात आमची जुंपली. बीकन म्हणजे छातीला बांधायचं छोटं यंत्र. ते सतत सिग्नल देत राहतं. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापली यंत्रं शोधण्यावर टाकायची आणि त्या सिग्नलच्या मागे जायचं. मग घडीची लांब काठी बर्फात खुपसत माणूस नेमका कुठे आहे ते चाचपायचं, आणि शेवटी फावड्यानं खणायचं. वर चढताना ओझं नको म्हणून लेकीला सगळं हलकं हवं होतं. मला सगळं दणकट हवं होतं. फावड्यांच्या रांगेत एक प्लॅस्टिकचं होतं. ते जमिनीवर टेकवून मी जोर दिला तर पातं चक्क वाकलं. कोसळलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो, हे तिनंच मला सांगितलं होतं.

"ह्यानं श्रीखंड वाढ," मी म्हटलं आणि जाड पात्याचं धातूचं फावडं कार्टमध्ये टाकलं.

परतताना हार्डवेअरच्या दुकानातून कोरायचं विजेचं पेनही घेतलं. आमच्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते घरचं होत नाही. कॅरीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलेले माझे डबे नावामुळेच परत येतात. नाही तर दिलं बटाट्याच्या भाजीचं पातेलं आणि आलं कुणाचं तरी झाकण, असा कारभार. लेकीच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी त्या पात्यावर तिचं नाव घातलं, ठसठशीत देवनागरीत.

"आई, इट्स अ शव्हल, नॉट अ डबा!"

"म्हणूनच. डबा बदलला गेला तर चालतं."

शनिवारी उजाडताच मी त्यांच्याबरोबर डोंगराच्या पायथ्याशी गेले. ऊन चढलं की उतारावरचा बर्फ सैल होतो, म्हणून ही घाई. बरोबर तिची ऑफिसमधली मैत्रीण होती. ओहायोची, उंच, हसरी पोरगी. मला काकू म्हणायला लेकीनं तिला शिकवलं होतं. दोघींनी एकमेकींची बीकनं तपासली. मग मैत्रिणीनं हातमोजे काढायला सॅक उघडली, आणि आतल्या फावड्यावर मला माझं अक्षर दिसलं.

लेकीच्या सॅकमध्ये एक जुनं, पिवळं, प्लॅस्टिकचं फावडं होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "ते मी तुझ्यासाठी घेतलं होतं! नाव घातलं होतं त्याच्यावर! दुसऱ्याला देऊन टाकायला घेतलं होतं का?"

"आई, प्लीज, सीन नको करू."

"करणार! दे इकडे ते."

"आई, लिसन." तिचा आवाज बारीक झाला. "मी गाडली गेले तर माझं फावडं माझ्याबरोबर आत असणार. मला कोण खणून काढणार? ती. मग चांगलं फावडं कुणाकडे हवं?"

मला लाज वाटली, आणि ती लाज रागापेक्षा जास्त झोंबली. सगळा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये काढला. पेशंटच्या हातात कधी कुणी उपकरण देतं का? ते वाचवणाऱ्याच्या हातात असतं. आणि मी दुकानात सगळं माझ्या पोरीच्याच पाठीवर लादत होते.

मैत्रीण बिचारी आमच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. "इज एव्हरीथिंग ओके, काकू?"

तिचा तो प्रश्न ऐकला आणि मला पुढचं सुचलं. खरं सांगायचं तर सुचू नये असं वाटत होतं. माझ्या लेकीची सोय झाली होती. गप्प बसले असते तर कुणी काही म्हटलं नसतं.

"आणि ही गाडली गेली तर?" मी लेकीला विचारलं.

ती पिवळ्या फावड्याकडे बघत राहिली. "मग मी ह्यानं खणेन."

पार्किंगच्या कडेला रस्ता साफ करणाऱ्या गाडीनं बर्फाचा ढीग रचला होता. रात्रीच्या थंडीत तो दगड झाला होता. "खण," मी म्हटलं.

"आई, उशीर होतोय."

"खण."

तिनं खणलं. पातं वाकलं, घसरलं, वर नुसता ओरखडा उमटला. तिनं पाय देऊन जोर लावला, पुन्हा लावला. तिचा श्वास फुलला, गाल लाल झाले. ढिगाचं काहीच झालं नाही. मैत्रिणीनं नावाचं फावडं पुढे केलं. ते एका झटक्यात आत गेलं आणि मोठं ढेकूळ बाहेर आलं.

मी मनात म्हणत होते, आता तू ठरव, मी ठरवलं तर तू हट्टानं जाशील. डोंगरमाथ्यावर ऊन आलं होतं. लेक एकदा त्या उन्हाकडे आणि एकदा मैत्रिणीकडे बघत होती. मग तिनं स्की गाडीत टाकल्या.

"नॉट टुडे," ती मैत्रिणीला म्हणाली. "सॉरी. आय शुड हॅव नोन."

दुकान उघडल्यावर आम्ही तसलंच दुसरं फावडं घेतलं. मैत्रिणीनं ते हौसेनं माझ्यापुढे धरलं. तिचंही नाव हवं होतं, आमच्या लिपीत. मी कोरून दिलं, आणि ते फावडं माझ्या लेकीच्या सॅकमध्ये ठेवलं. तिच्या नावाचं मैत्रिणीकडेच राहू दिलं.

"आई, उलटं झालं."

"उलटं नाही. जिला बाहेर काढायचं तिचं नाव."

लेकीनं मला मिठी मारली. लहानपणानंतर इतकी घट्ट कधी मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. मी पायथ्याशी गाडीत बसून राहिले. थर्मासमधला चहा कपातच गार झाला. भीती जराही कमी झाली नव्हती. झाडांमधून दोघी वर जाताना दिसत होत्या, पुढे माझी, मागे ती. मला ओहायोतल्या तिच्या आईची आठवण होत होती. त्या बाईला मी कधी पाहिलेलं नाही. तिच्या लेकीचं नाव माझ्या लेकीच्या पाठीवर डोंगर चढत होतं, तिला वाचताही येणार नाही अशा अक्षरांत.