पिल्लाच्या छातीतला आवाज

गुरांच्या दवाखान्यातला स्पिरिटचा वास नाकात शिरला आणि मी पुन्हा चौथीतली झाले. आज टेबलावर माझं कुत्र्याचं पिल्लू होतं. तेव्हा वाघ्या होता, बाबांनी आंब्याच्या बागेतली माकडं हाकायला आणलेला.

त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांच्या स्टेथोस्कोपच्या नळ्या माझ्या कानांत घातल्या. ठोक्यांच्या मध्ये बारीकसं सूं ऐकू आलं, वाळूवरून पाणी मागे सरतं तसं. "लहान पिल्लांत असतो कधी कधी असा आवाज. बहुतेकदा आपोआप जातो. चार महिन्यांचा झाला की परत आणा," ते म्हणाले. बाबांनी मान हलवली.

घरी न जाता त्यांनी स्कूटर तोंडवलीच्या किनाऱ्याकडे वळवली. "नासक्या काळजाचो कुत्रो माका नको. माकडांच्या पाठसून कोण धावतलो?" म्हणत त्यांनी वाघ्याला होड्यांजवळ सोडलं. सुरूच्या झाडांच्या वळणापर्यंत तो स्कूटरमागे धावत आला. चांगला जोरात धावत होता. बाबांनी आरशात पाहिलंसुद्धा नाही.

आजच्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. घरी आले तेव्हा बाबा घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसले होते.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"छातीत आवाज आसा म्हणाल्या."

"मगे काय झाला? बारीक पिल्लू तां, जरा वाट बघूक व्हयी," म्हणत त्यांनी पिल्लाला मायेनं मांडीवर घेतलं.

मला राहवलं नाही. "बाबा, वाघ्या आठवता?"

पिल्लाचे कान कुरवाळत ते म्हणाले, "खंयचो वाघ्या?"