सत्काराचा फोल्डर

त्या दुपारची आठवण आली की मला आजही स्वतःचाच राग येतो. कागदोपत्री गुन्हा उघडकीस आला होता, आरोपी अटकेत होता, वरिष्ठांनी पाठही थोपटली होती.

परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतला एक फोटो स्टुडिओ फुटला आणि संगणक चोरीला गेला. फिर्याद स्टुडिओवाल्याची, पण ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या त्या एका मेंढपाळ म्हाताऱ्यानं. त्याच्या लेकीच्या लग्नाचं शूटिंग त्या संगणकात होतं, आणि लेक पहिल्याच बाळंतपणात गेली होती.

"फोटो हायेत साहेब, पाव्हण्यांच्या मोबाइलवर," तो म्हणायचा. "पर आवाज कुठंच न्हाई. तिनं उखाणा घेतलाय, तेवढा त्या डब्यात हाय. तिची माय लय याद करायलीय."

"सापडंल बाबा," मी म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?

ताडकळसच्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या आमच्या खबऱ्यानं निरोप पाठवला, की संगणक दुरुस्त करणारा एक जण कीबोर्ड आणि स्क्रीन मातीमोल भावात विकायलाय. त्याला उचलून आणलं. मी आवाज चढवला नाही. चहा दिला आणि माल कधी घेतला ते विचारलं. त्यानं वार, वेळ सगळं घडाघडा सांगितलं. खऱ्या माणसाला वार आठवावा लागतो, खोट्याचा पाठ असतो, हा माझा अनुभव. तासभर इकडचं तिकडचं बोलून तोच प्रश्न पुन्हा टाकला, तेव्हा त्याचा पाठ चुकला.

"अरे, मघाशी सोमवार होता. त्याचा शनिवार कसा झाला रे?"

मग त्यानं चोरी कबूल केली. हार्ड डिस्क काढून त्यानं घरातल्या ज्वारीच्या कणगीत खुपसली होती. जप्तीच्या वेळी काढताना ती त्याच्या हातून फरशीवर पडली.

सील करण्याआधी स्टुडिओवाल्याला आपल्या फायली ओळखायच्या होत्या. जिल्ह्याहून सायबरचा हवालदार आला. पंचांसमक्ष त्यानं डिस्क लॅपटॉपला जोडली. ती टकटक वाजत होती.

"नेहमीसारखी उघडली की अडकतीय साहेब. कमांडनं एकेक फाइल काढून घेतो." काळ्या स्क्रीनवर त्यानं अक्षरं टाइप केली. ओळख पटण्यापुरत्या फायली आमच्या ठाण्याच्या डिस्कवर आल्या. मग लग्नाची फाइल सापडली. चालते का म्हणून त्यानं जराशी लावली. पिवळ्या शालूतली पोरगी तोंडावर हात धरून खुदकन हसली आणि तिनं उखाणा घेतला. मी घड्याळ बघत होतो. परभणीला बैठक होती. बाप बाहेर लिंबाखाली बसला होता. पंचनामा उरकू, मग बोलवू, असं मी ठरवलं.

लग्नाची फाइल उतरवून घेण्याआधी हवालदारानं मोकळी जागा तपासली. "बसत न्हाई साहेब. ठाण्याची डिस्क गच्च हाय, माझा लॅपटॉपबी भरलाय. एक मोठा फोल्डर हाय, सत्काराचा. तो उडवू का?"

गणपती बंदोबस्ताबद्दल गावकऱ्यांनी माझा सत्कार केला होता. फेटा, शाल, भाषणं, सगळ्याचं शूटिंग ठाण्याच्या डिस्कवर होतं.

"थांब थांब! त्याची दुसरी प्रत नाही माझ्याकडे. उद्या नवी डिस्क आणू."

"उद्या ही चालंल का, सांगता येत न्हाई."

"एका रात्रीत काय होतंय?"

त्यानं जुन्या डिस्कची वायर काढली. हाताखालचा माणूस साहेबापुढं दुसऱ्यांदा बोलत नाही. मी बाहेर आलो आणि म्हाताऱ्याला सांगितलं, "सापडलं बाबा. उद्या ये." त्यानं डोक्याचं पागोटं काढून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. हवालदारानं नवी डिस्क जोडली, कमांड दिली. जुनी डिस्क दोनदा वाजली आणि बंद पडली. पुढे प्रयोगशाळेतही पाठवली. काही निघालं नाही.

मी त्यांना खरं सांगितलं, आम्ही ऐकलेल्या उखाण्यासकट, फोल्डरसकट. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हातारी पदराआड रडत राहिली. तो म्हणाला, "साहेब, तुमी ऐकलाय न्हवं? काय म्हनली ती, तेवढं सांगा. हिला ऐकू द्या."

मी खूप आठवून पाहिलं. दोनशे माणसांचे जबाब शब्दाला शब्द सांगू शकणारा मी! मला फक्त तिचं हसणं आठवत होतं.

"हसली होती," मी म्हणालो. "आधी खूप हसली."

"हां," म्हातारी म्हणाली, "हसायचीच ती." आणि दोघं उठून गेले.

नोकरीनं मला माणसं ओळखायला शिकवलं, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. जागा करायची वेळ आली तर आधी आपलं काढावं, एवढं साधं मात्र मला त्या दोघांकडून शिकावं लागलं. निवृत्त होताना तो फोल्डर मी घरी आणला. नातवंडं दाखवा म्हणतात. मी अजून उघडलेला नाही.